अठरावी जागा

३ मार्च

प्रिय शेपूट,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी तुझ्याशी सहा वर्षं खोटं बोलले, आणि इतक्या सराईतपणे, की आता रिसीव्हर कानाला लागला की जीभ आपोआप "बरी आहे गं, तू कशी आहेस?" म्हणून मोकळी होते. व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई सांगायच्या, ज्याला खरं सांगायचंय त्याला लिहा. लिहिताना माणसाला वाक्याच्या मध्ये थांबता येतं. म्हणून लिहितेय.

आज मला केंद्रातून बाहेर येऊन नऊ महिने झाले. तू आखून दिलेला कार्यक्रम बिनचूक चालू आहे. सकाळी नऊला मेट्रनबाई वरच्या मजल्यावरून उतरतात, कमरेची किल्ली काढून दुकानाचं शटर उघडतात आणि मला आत सोडतात. संध्याकाळी सहाला मला बाहेर काढून कुलूप लावतात. रविवारी माझ्या खोलीतली कपाटं, उशा, चपला तपासून दहा वाजता तुला फोन करतात. बिचारीने आयुष्यभर हॉस्पिटल सांभाळलं, आणि निवृत्त झाल्यावर एकच वॉर्ड आणि एकच पेशंट वाट्याला आला, त्यामुळे उत्साह दांडगा. मागच्या रविवारी त्यांनी माझी साबणाची वडी मधोमध कापून बघितली. केमिस्टला तू दिलेली ताकीद तोही डोळ्यांत तेल घालून पाळतो. परवा टूथब्रश मागितला, तर आधी आत जाऊन कोणाला तरी विचारून आला.

मी रागावून लिहीत नाहीये, हसतेय. पण एक गोष्ट घडली, ती तुला सांगायचीय.

बुधवारी ग्रंथालयात बांधून झालेली पुस्तकं पोचवायला गेले होते. परत येताना स्टॉपवर बसले. बस आली, मी उठले नाही. दुसरी आली, तरी उठले नाही. समोर एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब रंगवत होता. त्याचा हात एका जागी पोचत नव्हता आणि खाली उतरून शिडी सरकवायचा त्याला कंटाळा आला होता. ती कसरत बघत बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी घड्याळाकडे बघितलेलंच नाही.

तुला यात काही विशेष वाटणार नाही. पण माझं आयुष्य सहा वर्षं चार-चार तासांच्या तुकड्यांत कापलेलं होतं. गोळी घेतली की पहिला तास बरा, दुसरा चालेलसा, तिसऱ्यात पुढच्या गोळीचा विचार सुरू, आणि चौथ्यात दुसरा कुठलाच विचार नाही. सुरुवातीला मनगट दुखायचं म्हणून घ्यायचे. पुढे मनगट राहिलं बाजूला. कुठे जायचं तर आधी पर्समध्ये किती आहेत ते बघायचं. मी तुझ्याकडे कधी दोन दिवसांच्या वर राहिले नाही, त्याला तू माझा तुसडेपणा म्हणायचीस. पर्सच्या अस्तरात दोनच दिवसांच्या मावायच्या गं.

त्या स्टॉपवर मला नानांच्या बाइंडिंगच्या दुकानातले रविवार आठवले. गिऱ्हाईक नसायचं. नाना शेगडीवर सरसाचं भांडं ठेवायचे आणि आपल्याला कागदाच्या कात्रणांत सोडून द्यायचे. तू पाच वर्षांची, मी अकराची. तू कात्रणांच्या पोत्यात शिरायचीस आणि नुसतं डोकं बाहेर काढून विचारायचीस, "ताई, आता काय करूया?" मी म्हणायचे, "काही पण." आणि खरोखरच काही पण करता यायचं, कारण दुपार संपायचीच नाही. तसली दुपार मला बुधवारी चाळीस वर्षांनी पुन्हा मिळाली. मला रडू आलं. शिडीवरच्या माणसाला वाटलं, रंग माझ्या अंगावर उडाला.

तर मुद्दा. दुकानाची किल्ली मला दे. मेट्रनबाई म्हणतात, "तुझ्या बहिणीने लिहून कळवलं तर या क्षणी देते." मी थोरली असून तुझ्याकडे किल्ली मागतेय, यावर तू मनसोक्त हसून घे. पण दुकानात कधी शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं, हे आधी गोळी ठरवायची आणि आता मेट्रनबाई ठरवतात. मला एकदा मी ठरवून बघायचंय.

तुझी,
ताई

---

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एकदा ऑफिसात वाचलं. समोर पाण्याच्या नळांचा नकाशा अर्धवट काढलेला, आणि मी डोळे पुसतेय. साहेबांना वाटलं, चूक सापडली म्हणून रडतेय. स्टॉपवरचं वाचून मला किती बरं वाटलं ते मला लिहिता येत नाही. पोत्यातल्या कात्रणांचा वास अजून माझ्या नाकात आहे.

पण किल्ली नाही. अजून नाही.

रागाव, पण आधी ऐक. तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही आणि मी आजवर मुद्दाम सांगितलं नाही. मी न कळवता आले होते. दुपारचे तीन वाजले होते, शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले तर तू जमिनीवर, पाठ पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला टेकलेली, मांडीवर उसवलेलं पुस्तक, आणि हातात कागदाला घडी घालायची ती नानांची हाडाची पट्टी. डोळे उघडे होते. मी तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तू म्हणालीस, "आलेच, नाना."

नाना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

मी त्या दिवशी तुला उचललं तेव्हा तुझं वजन मला कळलं. मोठी बहीण एवढी हलकी असू नये. त्यानंतर मी जे काही केलं, मेट्रनबाई, केमिस्ट, किल्ली, रविवारची झडती, ते सगळं घाबरून केलं. मला दुसरं काही सुचलं नाही. अजूनही फोन वाजला की आधी पायात चपला सरकवते आणि मग "हॅलो" म्हणते.

केंद्रात तू लपवण्याच्या जागांची यादी लिहून दिलीस. सतरा जागा. मी आणि मेट्रनबाईंनी त्या एकेक करून रिकाम्या केल्या. पिठाचा डबा, शिवणाच्या दोऱ्याची रिळं, नानांच्या फोटोची मागची बाजू. त्या फोटोपाशी मी खाली बसले होते.

मला एकच सांग. जागा सतराच होत्या ना? तू "हो" लिहिलंस की मी विचार करते. लिहिताना माणसाला थांबता येतं असं तूच म्हणालीस. तर वाटल्यास थांब, आणि मग लिही.

तुझी,
शेपूट

---

२२ मार्च

प्रिय शेपूट,

आठवडाभर थांबले. दोनदा "हो, सतराच" असं लिहिलं आणि दोनदा कागद फाडला.

अठरा होत्या.

नानांचं नमुन्याचं पुस्तक. तेच, ज्यात गिऱ्हाइकाला दाखवायला प्रत्येक पानावर एकेक कापड, एकेक कातडं, एकेक अबरी कागद डकवलेला आहे. तू विसरली नसशीलच, कारण त्यात तू आहेस. नाना पाण्यावर रंग सोडून अबरी करत होते आणि तू ओल्या कागदावर अंगठा दाबलास. मला वाटलं आता तुला बसणार. नानांनी तो कागद वाळवला, नमुन्यात लावला आणि खाली लिहिलं, "हा माल पुन्हा मिळणार नाही." अजून गिऱ्हाईक नेमकं त्याच पानावर थांबतं आणि मला सांगावं लागतं, नाही हो, हा मिळत नाही.

जाड पुस्तक उघडलं की त्याची पाठ पानांपासून सुटते आणि मध्ये पोकळी होते, हे तुला सांगायला नको. तीन हिवाळ्यांपूर्वी मी पाठीच्या वरच्या टोकाची रंगीत दोऱ्याची पट्टी उचलली, आत कागदाची सुरळी सरकवली, आणि सरसाचं बोट फिरवून पट्टी पुन्हा बसवली. सुरळीत चाळीस गोळ्या, कापसात दाबून भरलेल्या. पुस्तक हलवलं तरी आवाज होत नाही. जगात कोणाला संशय येणार नाही अशी जागा. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

केंद्रात यादी करायला बसवलं तेव्हा सतरा जागा भराभर लिहिल्या. अठराव्या जागेला पेन अडलं. त्या घेणार होते असं नाही, शपथेवर सांगते. नुसत्या असू देत, एवढंच वाटलं. पूर आला तर माळ्यावर बोट असावी, तसं. नऊ महिने ते पुस्तक माझ्या डाव्या खांद्यापासून दीड हातावर आहे. मी ते रोज काढते, उघडते, गिऱ्हाइकाला दाखवते, परत ठेवते. हात त्याच्या पाठीवरून फिरतो, आणि मला माहीत असतं. स्टॉपवर बसलेली मी खरी होते. पण टेबलापाशी बसलेली मी त्या पुस्तकाची राखणदार आहे. मेट्रनबाईंच्या किल्लीने मी कोंडले गेले असं तू समजू नकोस. मी तिथे आधीच कोंडलेली होते.

आता काय करायचं ते. मी एकटीने ते उघडणार नाही. नानांनी शिवलेली पाठ कापावी लागेल हे एक. आणि कापली की एका खोलीत मी आणि चाळीस गोळ्या. माझी तेवढी छाती नाही. तू ये. रविवारी ये, दोघी मिळून उघडू, तूच त्या मोरीत ओत. मी शेजारी उभी राहीन. मला उभं राहून बघायचंय.

किल्लीचं सध्या राहू दे.

तुझी,
ताई

---

२ एप्रिल

ताई,

तू म्हणालीस तसं मी केलं नाही.

पत्र वाचलं आणि ऑफिसमधूनच मेट्रनबाईंना फोन लावला. तू जेवायला वर गेलीस त्या अर्ध्या तासात त्यांनी पुस्तक काढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि पार्सल केलं. तुला न विचारता. रविवारपर्यंत थांबायला हवं होतं, मला कळतंय. पण तेवढ्या रात्री तुझ्या डाव्या खांद्याचा विचार करत काढणं मला जमलं नसतं.

काल पार्सल आलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं, नकाशाचा कागद कापायचं पातं घेतलं. वरच्या टोकाला हात लावला नाही, ते तू बंद केलेलं जसंच्या तसं आहे. खालच्या बाजूने पाठ कापली. नानांचं कापड अजून इतकं चिवट आहे की पातं दोनदा अडकलं. दोन्ही वेळा मी "सॉरी, नाना" म्हणाले.

सुरळी आहे. कापूस आहे. गोळी एकही नाही.

कापूस सगळा पिंजून बघितला. पाठीत टॉर्च मारून बघितलं. चादर झटकली. मेट्रनबाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं.

चाळीस गोळ्या कुठे गेल्या, ताई?

तू मला बसस्टॉपचं इतकं सुंदर लिहून पाठवलंस. शिडीवाला माणूस, रविवार, काही पण. मी ते पत्र उशाखाली ठेवलंय. आता मला कळत नाही ते कोणी लिहिलं. तू लिहिलंस, की त्या चाळीसांपैकी एखादीने?

माझ्याकडून इतकं कठोर लिहिलं जातंय याचं मला वाईट वाटतं. पण तुला फसवणं येतं, आणि मला तुझ्याकडून फसणं फार छान येतं. सहा वर्षांचा सराव आहे.

किल्लीचं आता काढू नकोस.

शेपूट

---

९ एप्रिल

प्रिय शेपूट,

आधी माझा राग. त्या दिवशी जेवून खाली आले, गिऱ्हाईक समोर उभं, मी सवयीने डावीकडे हात केला आणि हात फळीवर आपटला. पुस्तकाची जागा रिकामी. मेट्रनबाई दारात उभ्या, चेहरा असा की ऑपरेशन यशस्वी झालंय. गिऱ्हाइकासमोर मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. मी तुला आयुष्यात पहिल्यांदा काही लपलेलं आपणहून सांगितलं होतं. एकच विनंती केली होती, मला उभं राहून बघू दे. तेवढंही तू मला दिलं नाहीस. हे मी विसरेन, पण आत्ता नाही.

आता गोळ्या. मला माहीत नाही.

हे वाक्य पुन्हा वाच. सहा वर्षांत मी तुला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, एकदाही "माहीत नाही" म्हटलं नाही. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर नेहमी तयार असतं. आता नाहीये. तू मला उचललंस त्याच्या आधीचे दोन महिने माझ्या डोक्यात कोरे आहेत. तेव्हा मी पिठाचा डबा ओतून, जमिनीवर बसून पीठ चाळत होते, असं मला मेट्रनबाईंनी सांगितलं; त्या तेव्हाही वरच राहायच्या. त्याच दिवसांत मी ती पाठ उघडली असणार, संपवल्या असणार, आणि सुरळी आत घालून पट्टी चिकटवली असणार. घड्या नीट घालायची सवय हाताला आहे, डोकं ठिकाणावर असो वा नसो.

तुझं पत्र वाचून मला हसू फुटलं. थांबेना. मेट्रनबाई पळत खाली आल्या, त्यांनी आधी माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. अगं, नऊ महिने! रोज सकाळी त्या पुस्तकाला हात लावताना माझे खांदे ताठ व्हायचे. एकदा, पावसाळ्यात, मनगट फार सुजलं होतं तेव्हा, मी नख त्या पट्टीखाली घातलं होतं. घातलं आणि काढलं. मग वीस मिनिटं सरस ढवळत राहिले. ते सगळं एका रिकाम्या सुरळीपायी! पण मी ती भरलेली समजत होते, आणि तरी काढून घेतली नाही. हे मला कोणी दिलेलं नाही, आणि कोणी काढून नेऊही शकत नाही.

तू विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून तो शब्दच शोभत नाही. पण तू नानांची मुलगी आहेस, तर हे कर. वरचं टोक तसंच आहे म्हणतेस ना? पट्टीखालचा सरस बघ. भिंगाखाली धर आणि नखाने टिचकी मार. वर्षाच्या वरचा असेल तर काचेसारखा तुकडा उडेल. या काही महिन्यांतला असेल तर नख रुतेल. नानांनी दोघींना शिकवलंय. सरस खोटं बोलत नाही. जे दिसेल ते मला कळव, मी मान्य करीन.

तुझी,
ताई

---

२० एप्रिल

प्रिय ताई,

भिंग आणलं. ऑफिसातलंच, नकाशातले बारीक आकडे वाचायचं. खिडकीपाशी टेबल ओढलं, पुस्तक उभं धरलं, नख पट्टीपर्यंत नेलं.

आणि तिथेच थांबले. लिहितानाच थांबता येतं असं नाही.

म्हटलं, समजा तुकडा उडाला. मग मी काय करणार? आनंदाने नाचणार, तुला किल्ली देणार. पण ती किल्ली मी तुला दिली असं होईल का? ती मी सरसाला दिली असती. सहा महिन्यांनी तू फोन उचलायला उशीर केलास की मी पुन्हा काहीतरी नखाने खरवडायला शोधणार. आणि समजा नख रुतलं असतं? तर तू नऊ महिन्यांपैकी कधीतरी घसरलीस आणि तरीही पुढे सावरलीस, आणि ते मला सांगायची तुझी हिंमत झाली नाही. एवढंच. त्यावर मी काय करणार होते? कुलपाला कुलूप लावणार?

माझं पण ऐक. मेट्रनबाईंचा दहाचा फोन येईपर्यंत मी रविवारी अंघोळ करत नाही. फोन "सगळं ठीक" असा आला की अकरापर्यंत बरी असते. बारा वाजता वाटतं, त्यांनी चपला नीट बघितल्या असतील ना? दोन वाजता मीच त्यांना फोन करते. नवरा म्हणतो, चल कुठेतरी जाऊ. मी म्हणते, पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले ते तो मोजतो, मी मोजत नाही. तुझे चार-चार तासांचे तुकडे वाचले तेव्हा मला वाटलं होतं, बापरे, असं कसं जगली ही. आणि नंतर लक्षात आलं की मीही तशीच जगतेय, फक्त माझी गोळी दर रविवारी दहा वाजता फोनवर येते.

मग मी भिंग बाजूला ठेवलं. पाणी कोमट केलं, स्वच्छ फडकं भिजवलं आणि वरच्या टोकावर ठेवलं. खिडकीतून समोरच्या घराची गच्ची बघत बसले. सरस विरघळल्यावर पट्टी अलगद सुटली. मी न बघता सगळं पुसून काढलं, फडकं नळाखाली धुतलं. आता कोणालाच काही कळणार नाही. मलाही नाही.

हा वेडेपणा असेल. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

पार्सलचं चुकलंच माझं. तुला उभं राहून बघायचं होतं आणि मी तेवढाही धीर धरला नाही. तू हे विसरशील तेव्हा मला कळव.

मेट्रनबाईंना वेगळं पत्र टाकलंय. किल्ली तुला द्या. रविवारी झडती नको, फोन नको. केमिस्टशी मी स्वतः बोलले. त्याने "जबाबदारी कोणाची?" असं विचारलं. मी म्हटलं, तिची.

मन बदलायच्या आत घाईने लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझी,
शेपूट

---

४ मे

प्रिय शेपूट,

अगं वेडे! सरस धुतलास? मी हातात पुरावा दिला होता गं तुझ्या! तुकडा उडाला असता, मला खात्री आहे, आणि मी कायमची सुटले असते. तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की खळीचं भांडं उलटं झालं. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. आणि भांडता भांडता उमगलं, की इतकी वर्षं मी पुरावेच तर देत होते. डोळे बघा, पर्स बघा, हात बघा, कुठे थरथरतात? आता माझ्याकडे दाखवायला काही उरलेलं नाही आणि तुझ्याकडे तपासायला. बाकीच्या बहिणी अशाच राहतात, नाही का?

पार्सलचं विसरले. कळवायला सांगितलं होतंस, म्हणून कळवतेय.

मेट्रनबाईंनी किल्ली अशी सहज दिली असेल असं समजू नकोस. मला समोर बसवलं, नाडी बघितली, वजन केलं, आणि एका कागदावर "रुग्णास घरी सोडण्यात येत आहे" असं लिहून माझी सही घेतली. नंतर म्हणाल्या, "आता मी सकाळी काय करू?" मी त्यांना दुकानात बोलावलंय. त्या जुज, म्हणजे पानांच्या घड्यांचे गठ्ठे, शिवायला शिकतायत. टाके असे घालतात की पुस्तक फाटेल पण टाका निघणार नाही.

खोटं लिहीत नाही, पहिल्या दिवशी मी घाबरले होते. शटर उघडलं आणि उंबऱ्यापाशी उभी राहिले. वाटलं, कोणीतरी म्हणावं, "हं, जा आत." कोणीच म्हणालं नाही. मनगट अजून दुखतं. पावसाळ्यात जास्त दुखेल. एखाद्या दिवशी ते मला जुन्या वाटेने बोलावेल, त्या दिवशी मी काय करीन हे मी तुला आज लिहून देऊ शकत नाही. तुला जेवढं माहीत, तेवढंच मला.

नानांचं पुस्तक पार्सलने पाठवू नकोस. त्याला चिकटपट्टी वगैरे लावली असशील तर देवाशपथ तुझं काही खरं नाही. घेऊन ये. रविवारी ये, आता तुला रविवारी काही काम नाही. नवऱ्यालाही आण, त्याचं बरंच फिरायचं राहिलंय.

कालचं सांगते आणि थांबते. सहा वर्षांत दुकान अवेळी बंद करायचं तर मला दर वेळी कारण लागायचं. बँकेत काम, दाताचा डॉक्टर, गावाकडची कोणीतरी आत्या, जी आपल्याला कधी नव्हतीच. पाटीवर कारण लिहायचे आणि मग मागच्या गल्लीने गोळ्या शोधत फिरायचे. काल दुपारी दोन वाजता हातातलं पुस्तक शिकंज्यात लावलं. बाहेर ऊन होतं, वारा होता. वाटलं, आता बंद करावं. पाटीवर "आज बंद" एवढंच लिहिलं आणि शटर ओढलं. समोरचा लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला आणि काळजीने म्हणाला, "काय झालं, ताई?"

मी म्हटलं, "काही नाही."

आणि खरंच काही झालेलं नव्हतं.

तुझी,
ताई